सागरप्रवासाचे जुने ग्रंथ : संग्रह, पारख आणि वाचन

१.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

- कोकण किनाऱ्याचा उल्लेख असलेल्या प्रमुख जुन्या सागरप्रवासग्रंथांचा परिचय करून देता येईल.
- 'ग्रंथ', 'आवृत्ती' आणि 'प्रत' या तीन संकल्पनांतील भेद सोदाहरण सांगता येईल.
- जुन्या ग्रंथाची पारख कोणत्या खुणांवरून करावी, हे स्पष्ट करता येईल.
- परकीय प्रवाशाच्या लेखनाचे चिकित्सक वाचन करता येईल.
- आपल्या परिसरातील जुन्या ग्रंथांची नोंद आणि जतन करता येईल.

१.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. प्रवासवर्णन हे ललित लेखन असते, तसेच ते इतिहासाचे साधनही असते, हे आपण जाणतो. या घटकात आपण प्रवासवर्णनाच्या एका विशिष्ट शाखेकडे, म्हणजे सागरी सफरींच्या जुन्या ग्रंथांकडे वळणार आहोत. हे ग्रंथ कोणते, ते जमवायचे कशासाठी, त्यांची पारख कशी करायची आणि ते वाचायचे कसे, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

आपल्यापैकी काही जण रायगड जिल्ह्यातील असतील. पेण आणि रोहा ही गावे आज महामार्ग आणि रेल्वे यांच्यामुळे ओळखली जातात. मात्र एके काळी या दोन्ही गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध पाण्यावाटे होता. पेणजवळच्या अंतोरा बंदरातून धरमतरच्या खाडीत उतरता येत असे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एका बाजूस रेवदंडा व चौल आणि दुसऱ्या बाजूस कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. हे चौल म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे जगाच्या नकाशावर असलेले बंदर. रोह्याच्या पुलाखालून जाणारे पाणी ज्या बंदराकडे जाते, त्या बंदराचे वर्णन ग्रीक, अरबी, रशियन, इटालियन, पोर्तुगीज, डच आणि इंग्रजी अशा अनेक भाषांतील ग्रंथांत आलेले आहे.

येथेच आपल्या विषयाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. आपल्या किनाऱ्याचे जुने वर्णन बहुतांशी परक्यांच्या ग्रंथांत आहे. ते ग्रंथ दुर्मीळ आहेत, त्यांच्या प्रती एकसारख्या नाहीत आणि त्यांतील दृष्टीही आपली नाही. म्हणून जुन्या ग्रंथाचा संग्रह ही केवळ श्रीमंतांची हौस राहत नाही. प्रत ओळखणे, तिची उणीव जाणणे आणि तिच्यातील दृष्टी तपासणे ही अभ्यासकाचीही गरज ठरते.

१.२ आपला किनारा आणि परक्यांचे ग्रंथ

१.२.१ एका बंदराची अनेक नावे

जुन्या ग्रंथांत 'चौल' हा शब्द शोधू लागलो, तर पुष्कळदा तो सापडतच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत हे बंदर 'सेमिल्ला' या नावाने येते. अरब लेखक त्याला 'सैमूर' म्हणतात. दहाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध अरब प्रवासी व इतिहासकार मसूदी याने या सैमूरला भेट दिली होती. रशियन प्रवासी त्याला 'चिविल' असे संबोधतो, तर जुन्या कागदपत्रांत आणि ग्रंथांत 'चेऊल' असेही रूप आढळते. ज्याला या रूपांची माहिती नाही, त्याच्या हातात ग्रंथ असूनही आपले गाव त्याला त्यात दिसणार नाही. म्हणून जुन्या प्रवासग्रंथांच्या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे स्थलनामांची वही तयार करणे होय.

१.२.२ अफनासी निकितिन

त्वेर या रशियन नगरातील अफनासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. निकितिन त्याच्या सुमारे पाव शतक आधी आला होता. होर्मुझहून जहाजाने निघून तो चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा सोबत आणला होता. पुढे घाट चढून तो जुन्नरला गेला. तेथील सुभेदार असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतर केल्यासच तो परत मिळेल असे बजावले. एका ओळखीच्या खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. बहामनी राजधानी बिदर पाहून झाल्यावर त्याने दाभोळहून परतीचे जहाज धरले. मायदेशी पोहोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याचा मृत्यू झाला. कॅस्पियन समुद्र, हिंदी महासागर आणि काळा समुद्र ओलांडल्यामुळे त्याच्या लेखनास 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' असे नाव मिळाले. रेवदंड्यास आज त्याचे स्मारक आहे. १९५७ मध्ये त्याच्या जीवनावर 'परदेसी' हा भारतीय-रशियन चित्रपटही निघाला.

१.२.३ राल्फ फिच आणि लिन्शोटेन

राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी १५८३ मध्ये होर्मुझहून गोव्याकडे कैदी म्हणून नेला जात असताना चौलला थांबला. येथे दोन नगरे आहेत, एक पोर्तुगिजांचे आणि दुसरे मुसलमानांचे, असे तो नोंदवतो. आजचे रेवदंडा आणि चौल डोळ्यांसमोर आणले की हे वर्णन लगेच उमगते. फिचला येथे सर्वांत नवल वाटले ते माडाचे. फळ, तेल, ताडी, साखर, दोर, छपराची झावळी, बसायची चटई, इतकेच काय जहाजाचे शीडही एकाच झाडापासून होते, याची त्याने मोठी यादी दिली आहे. अष्टागरातील कोणत्याही वाडीतल्या माणसाला त्या यादीत नवे काही आढळणार नाही. परंतु चारशे वर्षांपूर्वी आपल्या वाडीकडे परका माणूस कोणत्या नजरेने पाहत होता, हे त्या यादीतून कळते.

त्याच सुमारास यान लिन्शोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून काम करीत होता. पोर्तुगीज ज्या जलमार्गांची माहिती गुप्त ठेवीत, ती त्याने जमवली आणि १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला नकाशा-चित्रांसह प्रसिद्ध केली. त्याचा इंग्रजी अनुवाद १५९८ मध्ये लंडनला निघाला. डच आणि इंग्रज जहाजांना पूर्वेकडची वाट दाखवण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा होता. ग्रंथ हा इतिहासाचे केवळ वर्णन करतो असे नाही. कधी कधी तो इतिहास घडवतोही, याचे हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१.२.४ आंग्रे यांच्या काळातील ग्रंथ

अठराव्या शतकात या किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वंशजांचे आरमार प्रबळ होते. त्या काळातील दोन इंग्रजी ग्रंथ संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. पहिला क्लेमेंट डाऊनिंग या इंग्रज नौसैनिकाचा, १७३७ मध्ये लंडनला छापलेला. त्यात १७२१ मधील कुलाबा किल्ल्यावरील इंग्रज-पोर्तुगीज स्वारीचे वर्णन आहे. ही स्वारी फसली होती. दुसरा एडवर्ड आइव्हज या शल्यवैद्याचा, १७७३ चा. ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर असल्यामुळे १७५६ मधील विजयदुर्गाचा पाडाव त्याला जवळून पाहता आला.

आपली प्रगती तपासा - १
(अ) चौलची जुन्या ग्रंथांत आढळणारी कोणतीही तीन नावे लिहा.
(आ) लिन्शोटेनच्या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व दोन वाक्यांत सांगा.

१.३ ग्रंथ, आवृत्ती आणि प्रत

आपण सहज म्हणतो, 'मी अमुक ग्रंथ वाचला.' परंतु आपण वाचतो ती त्या ग्रंथाच्या एखाद्या आवृत्तीची एखादी प्रत असते. या तीन शब्दांतील फरक स्पष्ट करण्यासाठी तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण निकितिनचे. त्याच्या हातची मूळ वही आज उपलब्ध नाही. त्याचे लेखन मॉस्कोला पोहोचले, तेथील बखरींत उतरवले गेले आणि नंतर सुमारे साडेतीनशे वर्षे विस्मृतीत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन यांना एका मठाच्या ग्रंथसंग्रहात त्याची प्रत आढळली आणि १८२१ मध्ये ते छापले गेले. त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या हॅक्लुट सोसायटीने १८५७ मध्ये पंधराव्या शतकातील हिंदुस्थानविषयक एका संकलनात प्रसिद्ध केले. हस्तलिखितांचे पाठ एकाहून अधिक असून ते परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. म्हणून 'निकितिन असे म्हणतो' हे विधान करताना 'कोणत्या पाठात' हा प्रश्न सोबतच यायला हवा. जुने कागद जपणारे ते ग्रंथसंग्रह नसते, तर चौलचे हे वर्णन आपल्यापर्यंत आलेच नसते, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण रिचर्ड हॅक्लुट याच्या इंग्रजी सफरसंग्रहाचे. त्याची पहिली आवृत्ती १५८९ मध्ये निघाली. सर्वसामान्य समजूत अशी की, पहिली आवृत्ती हीच सर्वांत मोलाची. परंतु राल्फ फिच लंडनला परतला १५९१ मध्ये. त्यामुळे त्याचे वृत्त पहिल्या आवृत्तीत नाही. ते १५९८ ते १६०० या काळात तीन खंडांत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. चौलच्या अभ्यासकाला हवी असते ती दुसरी आवृत्ती. या दुसऱ्या आवृत्तीच्याही सर्व प्रती सारख्या नाहीत. तिच्या पहिल्या खंडाच्या शेवटी काडिझवरील इंग्रज मोहिमेचा वृत्तांत होता. त्या मोहिमेचा नायक अर्ल ऑफ एसेक्स राणीच्या मर्जीतून उतरल्यावर ती पाने काढून टाकण्यात आली आणि नामपृष्ठही बदलले गेले. त्यामुळे काही प्रतींत ती पाने आहेत, काहींत नाहीत. शिवाय या ग्रंथासाठी तयार केलेला जगाचा नकाशा फारच थोड्या प्रतींत टिकून आहे. एकाच ग्रंथाची एकच आवृत्ती, आणि तरीही दोन प्रतींत राजकारणाएवढे अंतर!

तिसरे उदाहरण आपल्या मातीतील आहे. ते समुद्रप्रवासाचे नाही, पण आपला मुद्दा त्याच्याइतका दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. म्हणजे लंडनला निकितिनचा चौल-प्रवास इंग्रजीत छापला जात होता, त्याच वर्षी पेण तालुक्यातील एक भिक्षुक आपल्या अविस्मरणीय प्रवासाला निघाला होता. पुढे १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा गोडसे हयात नव्हते. या मुद्रित आवृत्तीत वैद्यांनी भाषेवर संस्कार केले आणि काही भाग गाळला. सुदैवाने मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले आणि त्याच्या आधारे दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रकाशित केली. गोडसे यांची स्वतःची वाक्यरचना मराठी वाचकाला त्यानंतरच नीट दिसली. हस्तलिखित रद्दीत गेले असते, तर वैद्यांचे संस्कारित गोडसे हेच आपण खरे गोडसे समजत राहिलो असतो.

या तिन्ही उदाहरणांतून निघणारे सूत्र असे : ग्रंथ म्हणजे लेखकाची कृती, आवृत्ती म्हणजे त्या कृतीला विशिष्ट काळी, विशिष्ट हातांनी दिलेले रूप, आणि प्रत म्हणजे त्या रूपाची, काळाच्या तडाख्यातून आपल्यापर्यंत आलेली प्रत्यक्ष वस्तू. संग्राहकाचा संबंध प्रतीशी असतो, वाचकाचा कृतीशी. अभ्यासकाला मात्र तिन्हींचे भान ठेवावे लागते.

१.४ जुन्या ग्रंथाची पारख

जुना ग्रंथ हातात आल्यावर प्रथम त्याचे नामपृष्ठ पाहावे. ग्रंथनाम, कर्ता, मुद्रक, स्थळ आणि वर्ष यांची नोंद तेथे असते. युरोपीय ग्रंथांत वर्ष पुष्कळदा रोमन अंकांत असते. एम म्हणजे १०००, डी म्हणजे ५००, सी म्हणजे १००, एल म्हणजे ५०, एक्स म्हणजे १०, व्ही म्हणजे ५ आणि आय म्हणजे १, एवढे कोष्टक पाठ असावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आइव्हजच्या ग्रंथाच्या नावातच १७५४ हे प्रवासारंभाचे वर्ष रोमन अंकांत आलेले आहे. छपाईचे १७७३ हे वर्ष त्याच पृष्ठाच्या तळाशी आहे. घाईने पाहणारा ग्रंथ एकोणीस वर्षांनी जुना ठरवून मोकळा होतो.

त्यानंतर पूर्णता तपासावी. पृष्ठांक सलग आहेत का, चित्रांची सूची असल्यास तितकी चित्रे आहेत का, घडीचे नकाशे जागेवर आहेत का, हे मोजून पाहावे. सागरप्रवासाच्या ग्रंथांत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते, कारण त्यांतील नकाशे व चित्रे भिंतीवर लावण्याजोगी असतात. ती कापून सुटी विकली, तर अखंड ग्रंथापेक्षा अधिक पैसे मिळतात असा हिशेब करणारे विक्रेते असतात. चौकटीतला नकाशा सुंदर दिसतो. पण तो ज्या प्रकरणाचा आधार होता, ते प्रकरण कायमचे पांगळे होते. संग्राहकाने असा सुटा नकाशा घेताना आपण कशाला हातभार लावतो आहोत, याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट म्हणजे कागद, छपाई आणि बांधणी. जुना युरोपीय कागद चिंध्यांपासून बनत असे. तो जाड, लवचीक आणि टिकाऊ असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद प्रचारात आला. त्यातील आम्लतेमुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण होते : १५९८ चा इंग्रजी ग्रंथ आजही सहज उलटता येतो, आणि १८९० नंतरचे कित्येक मराठी ग्रंथ हात लावताच चुरतात. जुने ते नाजूक आणि नवे ते भक्कम, हा नियम ग्रंथांना लागू पडत नाही. आपल्या भाषेचे ग्रंथ त्यामुळे अधिक धोक्यात आहेत. मराठी ग्रंथांच्या बाबतीत छपाई शिळाछापाची आहे की खिळ्यांची, हेही पाहावे. शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षर दगडावरून उमटते, त्यामुळे अक्षराचा डौल पोथीसारखा असतो.

चौथी गोष्ट म्हणजे मालकीच्या खुणा. आतील कोऱ्या पानावरची सही, भेटीचा मजकूर, शिक्का, समासातील टिपा हे सर्व ग्रंथाचे चरित्र असते. अशा खुणा खोडू नयेत. एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का असून तो रद्द केल्याची खूण नसेल, तर तो ग्रंथ तेथून अनधिकृतपणे बाहेर पडलेला असू शकतो. तो विकत न घेता संबंधित ग्रंथालयाला कळवणे, हे संग्राहकाचे कर्तव्य आहे.

कायद्याचेही भान हवे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेली आणि किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज 'पुरावशेष' ठरतात. पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आपली प्रगती तपासा - २
(अ) 'आवृत्ती' आणि 'प्रत' यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) सागरप्रवासाच्या ग्रंथांत नकाशांची तपासणी का आवश्यक असते?

१.५ संग्रह कशासाठी?

ग्रंथ जमवणे आणि ग्रंथांचा संग्रह करणे यांत फरक आहे. पहिल्यात संख्या वाढते, दुसऱ्यात एखादा प्रश्न पुढे सरकतो. याचे चांगले उदाहरण म्हणजे डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा (१८४४-१९००). मूळचे गोव्याचे असलेले हे डॉक्टर मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करीत. नाणी जमवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. पोर्तुगीज बखरी, प्रवासवृत्ते आणि प्रत्यक्ष अवशेष यांची सांगड घालून त्यांनी १८७६ मध्ये चौल व वसई यांच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. विखुरलेल्या परभाषी ग्रंथांतून एका मराठी बंदराचा सलग इतिहास उभा करण्याचा तो एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न होता. १८८३ मध्ये निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही चौलवर विस्तृत नोंद आहे. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, हे ग्रंथसूची पाहताना विसरू नये.

तुम्ही म्हणाल, असे ग्रंथ विकत घेणे आम्हांला परवडणार कसे? प्रश्न रास्त आहे. हॅक्लुटची सोळाव्या शतकातील प्रत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर आहे. परंतु संग्रहाला पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे मूळ आवृत्ती. दुसरी, १८४६ मध्ये स्थापन झालेल्या हॅक्लुट सोसायटीसारख्या संस्थांनी टिपांसह काढलेल्या संपादित आवृत्त्या. तिसरी, या आवृत्त्यांची भारतीय पुनर्मुद्रणे. चौथी, ग्रंथालयांनी महाजालावर खुल्या केलेल्या संगणकीय प्रती. अभ्यासासाठी तिसरी आणि चौथी पायरी पुष्कळदा पुरेशी असते. संगणकीय प्रतीने मजकूर मिळतो. कागद, बांधणी आणि समासातील हस्ताक्षर यांचा पूर्ण बोध मात्र मूळ प्रतीनेच होतो. ती पाहण्यासाठी मुंबईची एशियाटिक सोसायटी किंवा पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या संस्थांची वाट धरावी.

१.६ चिकित्सक वाचन

जुना ग्रंथ दुर्मीळ आहे म्हणून तो खरा आहे, असे होत नाही. वाचताना तीन प्रश्न विचारावेत.

लेखकाने हे स्वतः पाहिले की ऐकले? निकितिन चौलच्या लोकांचा पेहराव सांगतो, तेव्हा तो पाहिलेले सांगत असतो. घरावर बसून मृत्यू सुचवणाऱ्या आणि तोंडातून आग काढणाऱ्या पक्ष्याबद्दल किंवा वानरांच्या राजाबद्दल तो लिहितो, तेव्हा तो ऐकलेले सांगत असतो. दुसऱ्या प्रकारची माहिती टाकाऊ नसते. ती त्या काळच्या लोकसमजुतींचा पुरावा असते. फक्त प्राणिशास्त्राचा पुरावा नसते.

लेखकाचा हेतू कोणता? व्यापारी भाव नोंदवतो, हेर वाटा नोंदवतो, धर्मोपदेशक आचार नोंदवतो. लिन्शोटेनला जलमार्ग दिसले, फिचला माडाचा नफा दिसला. दोघेही खरे बोलत असतील, पण दोघांचे चौल एकच नाही.

लेखक कोणत्या बाजूचा? डाऊनिंगच्या ग्रंथाच्या नावातच आंग्रे यांना 'चाचा' म्हटले आहे. मराठी राज्याचे सरखेल आपल्या जलक्षेत्रातून जाणाऱ्या जहाजांकडे परवाना मागत होते. इंग्रज कंपनीला तो अधिकार मान्य नव्हता. एकाच कृतीला एका बाजूने जकात आणि दुसऱ्या बाजूने लूट म्हटले गेले. डाऊनिंगचा ग्रंथ फेकून देणे हे यावरचे उत्तर नव्हे, कारण तपशील त्याच्याकडे आहे. त्याचा तपशील घ्यावा, त्याचे विशेषण तपासावे आणि मराठी कागदपत्रांशी ताडून पाहावे. येथेच आपल्या बाजूचे कागद टिकणे किती गरजेचे आहे, हे कळते. ते नसतील, तर ताडून पाहण्यास काही उरत नाही आणि परक्याचे विशेषण हाच इतिहास होतो.

१.७ आपल्या घरातील ग्रंथ

समुद्रप्रवासाला धर्माची आडकाठी होती, त्या काळात मराठी माणसाने समुद्र ओलांडून लिहिलेले ग्रंथ थोडेच आहेत, म्हणून ते अधिक मोलाचे आहेत. पंडिता रमाबाई यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप लेखन १८८३ चे, तर 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ १८८९ चा. अशा ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या आज सहजी मिळत नाहीत. एखादा जुना मराठी ग्रंथ हाती आल्यास शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त तो शोधावा. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद आहे. सूचीत ग्रंथ आढळला तर त्याची आवृत्ती ताडून पाहता येते. आढळला नाही, तर कदाचित आपल्या हातात अधिकच दुर्मीळ वस्तू आहे.

पेण-रोह्याकडील जुन्या घरांत माळ्यावर, फडताळात, देवघराशेजारच्या पेटीत असे ग्रंथ, पोथ्या आणि मोडी कागद अजूनही असतात. घर पाडून इमारत बांधायची ठरली की सर्वांत आधी माळा रिकामा होतो, आणि माळ्यावरचे कागद रद्दीच्या काट्यावर जातात. शंभर वर्षांचा ग्रंथ तेथे वजनाने विकला जातो. हे टाळण्यासाठी फार पैसा लागत नाही. वेळेवर कोणीतरी ते उघडून पाहावे लागते.

जतनाचे नियमही साधे आहेत. कोकणातील दमट हवा, कसर आणि वाळवी हे ग्रंथाचे तीन मुख्य शत्रू होत. ग्रंथ भिंतीला टेकवून ठेवू नयेत, मागे वारा खेळता ठेवावा. ओले झालेले पुस्तक कडक उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळण्याची पोथ्यांची जुनी रीत आजही उत्तम आहे. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवावी, पानांत नव्हे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि पानांवर प्लास्टिकचे आवरण चढवू नये. दोन्ही उपाय कालांतराने कागदाचाच नाश करतात. पान तुटत असेल, तर हात थांबवावा आणि तज्ज्ञाला दाखवावे.

१.८ सारांश

कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या चौलचे वर्णन अनेक भाषांतील सागरप्रवासग्रंथांत विखुरलेले आहे. ते वाचण्यासाठी जुनी स्थलनामे, आवृत्त्यांतील भेद आणि प्रतींची पूर्णता यांचे ज्ञान लागते. निकितिनचे पाठ, हॅक्लुटची दुसरी आवृत्ती आणि गोडसे यांचे हस्तलिखित यांवरून असे दिसते की, ग्रंथ टिकतो तो कोणीतरी त्याची प्रत जपली म्हणून, आणि त्याचा अर्थ लागतो तो कोणीतरी ती प्रत ओळखली म्हणून. परकीय ग्रंथांचा तपशील स्वीकारताना त्यांची दृष्टी तपासावी लागते, आणि त्यासाठी आपल्या घरातील कागदही शिल्लक राहावे लागतात.

१.९ स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची सुमारे २५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. 'पहिली आवृत्ती हीच नेहमी सर्वांत महत्त्वाची असते,' या विधानाची साधार चर्चा करा.
२. 'माझा प्रवास' या ग्रंथाच्या १९०७ व १९६६ च्या आवृत्त्यांच्या संदर्भात हस्तलिखित-जतनाचे महत्त्व स्पष्ट करा.
३. परकीय प्रवाशाच्या लेखनाचे वाचन करताना कोणते प्रश्न विचारावेत, ते सोदाहरण लिहा.

(आ) टिपा लिहा.
१. चौलची स्थलनामे २. डॉ. गेर्सन द कुन्हा ३. शिळाछाप

(इ) उपक्रम
आपल्या घरी, नात्यात किंवा गावच्या वाचनालयात उपलब्ध असलेला, १९४७ पूर्वी छापलेला एक मराठी ग्रंथ मालकाच्या परवानगीने पाहा आणि त्याची प्रतनोंद तयार करा. नोंदीत ग्रंथनाम, कर्ता, मुद्रणालय, स्थळ, वर्ष, आवृत्ती, एकूण पृष्ठे, गहाळ पाने, चित्रे व नकाशे, बांधणी, कागदाची स्थिती आणि मालकीच्या खुणा यांचा समावेश असावा. नामपृष्ठाचे छायाचित्र सोबत जोडा. ही नोंद संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवा आणि तिची एक प्रत ग्रंथाच्या मालकाकडे ठेवा. आपल्याकडे काय आहे, हे त्यांना कळले, तर तो ग्रंथ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढेल.